न दिसणारे काम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मी काही शिकलेली बाई नव्हे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावी. म्हणून माझे शिक्षण सातवीलाच थांबले. अठराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आले, ती आजतागायत घर, मुले आणि आपले हे मंडळ यांतच आहे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे ना? मग तिच्या कामाविषयी सांगा. प्रत्येकीच्या घरात नाहीतर शेजारी असे एक तरी पोर आहे, आणि ते दिवसभर करते काय हे आपल्याला धड सांगता येत नाही."

हे मात्र मला पटले. कारण मलाही ते सांगता येत नव्हते, आणि त्यापायी माझ्या हातून एक चूक घडली. तेथूनच सुरुवात करते.

माझी मुलगी २०१९ साली इंजिनियर झाली व पुण्यात नोकरीला लागली. तिच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, हे तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक आहे. पुढे २०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि ती घरी परतली. मागच्या खोलीत ट्रंकेवर लॅपटॉप ठेवून ती काम करू लागली. मला वाटे, पोर नुसती बसलेली तर आहे! म्हणून मी तिला दळण आणायला पाठवी, मधेच भाजी निवडायला हाक मारी. ती कधी उठे, कधी "आई, पाच मिनिटं" म्हणे, आणि मग मी कुरकुरत असे. रात्री एक-दोन वाजता तिला फोन येई व ती उठून बसे, तेव्हा मात्र मला तिची काळजी वाटे. पण विचारावे असे कधी मनात आले नाही.

पुढे २०२२ साली तिला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईने मला विचारले, "मुलगी नक्की करते काय?" मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटले, "काही नाही हो, कॉम्प्युटरवर टायपिंग करते."

मुलगी काही बोलली नाही. पाहुणे गेले, जेवणे झाली. रात्री मी ओटा पुसत असताना ती येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दिवसभर घरात असतेस म्हणजे करतेस काय, असं कुणी तुला विचारलं की तुला कसं वाटतं?"

भगिनींनो, माझ्या हातातले फडके तसेच राहिले. कारण या प्रश्नाने किती वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आले आहे ते माझे मला माहीत. आपले काम कोणाला दिसत नाही. घर झाडलेले असले तर कोणी बघत नाही. झाडलेले नसले तरच दिसते. आणि जे दुःख मी सोसले तेच मी माझ्या मुलीच्या पदरात टाकले होते. मी तिला म्हटले, "मला सांग तू काय करतेस ते. मला कळेल अशा भाषेत सांग." त्यानंतर कितीतरी रविवारी ती मला सांगत होती. त्यातले मला जे उमगले ते तुम्हांला सांगते.

पहिल्या दिवशी तिने मला तिच्या आजोबांचा माग आठवायला लावला. माझे सासरे जेकार्डच्या मागावर चादरी विणत. आपल्या सोलापुरातल्या घराघरांत ही चादर आहे. त्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ असते. पुठ्ठ्यावर जेथे भोक असेल तेथला उभा धागा वर उचलला जातो, जेथे नसेल तेथला खालीच राहतो. मग आडवा धागा जातो, आणि पुढचा पुठ्ठा येतो. अशा शेकडो पुठ्ठ्यांतून चादरीवर फूल उमटते. मुलगी म्हणाली, "आई, कॉम्प्युटरही इतकंच जाणतो. भोक आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. त्याचे पुठ्ठे तयार करणं हे माझं काम."

ही नुसती उपमा नव्हे, हे तिने मला समजावून दिले. फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जाकार्ड याने १८०४ च्या सुमारास हा माग तयार केला. त्याच्याच पुठ्ठ्यांची कल्पना घेऊन इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आकडेमोडीच्या यंत्राचा आराखडा केला. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण ते यंत्र कसे चालवावे याविषयी सर्वांत मोठे टिपण १८४३ साली लिहिले ते एडा लव्हलेस नावाच्या बाईने. तेव्हा ती तीन मुलांची आई होती. या यंत्राला फुलापानांसारखी गणिते विणता येतील, अशा अर्थाचे तिने त्यात लिहून ठेवले आहे. मी मनात म्हटले, म्हणजे हे काम आमच्या घराण्याला अगदीच परके नाही!

दुसऱ्या रविवारी आम्ही मंडळाच्या ऑर्डरची शेंगाचटणी करीत होतो. मुलगी म्हणाली, "आता मी कॉम्प्युटर आणि तू मला कृती सांग. पण मला स्वतःची अक्कल नाही असं समज."

मी म्हटले, "दाणे भाज."

"किती वेळ?"

"खमंग होईपर्यंत."

"खमंग म्हणजे काय?"

मी विचार करून म्हटले, "साल हाताने चोळली की सुटू लागेपर्यंत." तेव्हा तिने मान डोलावली. "मीठ-तिखट बेताने" म्हटले तर ती हटूनच बसली. बेत म्हणजे किती, हे मला तोळ्या-ग्रॅमात सांगावे लागले. शेवटी "तेल सुटेपर्यंत कांड" येथे आलो, तर तिने विचारले, "आणि दाणे खवट निघाले तर?"

मी म्हटले, "खवट निघाले तर चटणी करायचीच नाही! हे काय सांगायला हवे?"

ती म्हणाली, "तेच तर सांगावं लागतं. तू सांगितलं नाहीस, तर मी खवट दाण्यांचीसुद्धा चटणी करीन आणि दुकानात पाठवून देईन."

भगिनींनो, प्रोग्राम लिहिणे म्हणजे काय ते मला त्या उखळापाशी कळले. "अमुक होईपर्यंत तमुक करीत राहा", "असे झाले तर हे कर, नाहीतर ते कर" अशा सूचना, एकही गोष्ट गृहीत न धरता, ओळीने लिहून काढायच्या. टायपिंग हा त्यातला सर्वांत लहान भाग. ती पुष्कळदा तासभर विचार करते आणि दहा ओळी लिहिते. मी तिला भाजी निवडायला हाक मारी ती नेमकी त्या तासाभरात!

या सूचना ज्या भाषांत लिहितात त्या अनेक आहेत. आमची मुलगी मुख्यतः पायथॉनमध्ये लिहिते. मला वाटले अजगराच्या नावाची भाषा, म्हणजे भारी अवघड असणार. पण ती नेदरलँड्सच्या खीदो व्हान रॉसम या गृहस्थाने केली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली, आणि तिचे नाव अजगरावरून नसून एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून आहे. दुसरी भाषा एसक्यूएल. ती १९७० नंतरच्या काळातली, म्हणजे माझ्याच वयाची. मोठमोठ्या नोंदवह्यांतून हवे तेवढेच शोधून काढण्यासाठी ती वापरतात.

ती ज्या कंपनीत आहे तेथे औषधांच्या दुकानांचा साठा सांभाळणारा प्रोग्राम तयार होतो. कोणते औषध किती उरले, कशाची मुदत कधी संपते, हे तो सांगतो. दुकानदाराला पडद्यावर जे दिसते ते दुसरी मुले करतात. आमची मुलगी मागची बाजू पाहते. पाहुणे पुढच्या खोलीत बसतात आणि स्वयंपाक मागच्या खोलीत होतो, तसे. मुदत संपलेली बाटली कोणा पोराच्या हाती जाऊ नये, ही तिच्या मागच्या खोलीची जबाबदारी. हे ऐकल्यावर रात्रीचे ते फोन कशासाठी येत तेही कळले.

आता तिच्या हत्यारांविषयी. आपल्या प्रत्येकीची विळी ठरलेली असते. दुसरीच्या विळीवर हात चालत नाही. तसेच यांचेही असते. तिच्या लॅपटॉपवर चित्रेबित्रे फारशी नसतात, एक काळी खिडकी असते आणि तीत पांढरी अक्षरे. त्यात लिनक्स चालते. ते लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केले, आणि पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात हातभार लावला. ते कोणीही फुकट घ्यावे, उघडून पाहावे, सुधारावे, अशी मुभा आहे.

लिहिण्यासाठी ती व्हिम नावाचे साधन वापरते. त्यात माऊसला हात न लावता नुसत्या कळा दाबून सर्व कामे होतात. ते शिकायला तिला महिने लागले, पण आता तिची बोटे कणीक मळावी तशी न पाहता चालतात. हे साधन नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी केले आणि १९९१ पासून लोकांना फुकट दिले. मोबदल्यात त्यांनी एवढेच मागितले, की ज्याला हे आवडेल त्याने आफ्रिकेतील युगांडा देशातल्या किबाले येथील गरजू मुलांसाठी जमेल ती मदत द्यावी. हे गृहस्थ २०२३ साली वारले. त्या बातमीने मुलगी दिवसभर गप्प होती. न पाहिलेल्या माणसासाठी कोणी असे गप्प होते, तेव्हा त्याचे काम किती हातांना लागले असेल याचा अंदाज येतो.

तिसरे हत्यार गिट. हेही टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली केले. दहाजण एकाच वहीत लिहीत असले की काय गोंधळ होतो ते आपण मंडळात पाहतोच. गिटमध्ये प्रत्येक दुरुस्ती कोणी, केव्हा आणि कशासाठी केली ते नावातारखेसह राहते, आणि बिघडले तर कालच्या पानावर परत जाता येते. संसारात अशी सोय असती तर! तेथे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोणाचे लिखाण पुढे जात नाही. मुलीचेही कोणी तपासते, आणि ती इतरांचे. चूक दाखवली की रागवायचे नाही, आभार मानायचे, अशी तेथली रीत आहे.

चुका शोधणे हा तर तिच्या कामाचा निम्मा भाग. प्रोग्राम लिहून झाला की ती मुद्दाम त्याला चुकीचे काहीतरी देऊन पाहते. तीस फेब्रुवारी ही तारीख देते. उणे पाच बाटल्या मागते. २०२४ साली फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा आला, त्याची तयारी तिने दिवाळीपूर्वीच करून ठेवली होती. त्या रात्री फोन आला नाही. दुकानदारांना काही कळलेही नाही, आणि कळू नये हेच त्या कामाचे यश. सणाच्या दिवशी पन्नास पाने जेवून उठतात आणि काहीच कमी पडत नाही, तेव्हा आदल्या दिवशीचे आपले कष्ट कोणाला दिसतात?

या संदर्भात तिने सांगितलेली एक हकीकत मला विसरता येत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिॲक नावाचा अवाढव्य कॉम्प्युटर तयार झाला. तोफेचा गोळा कसा जाईल याचे गणित त्याला घालून देण्याचे काम सहा तरुणींनी केले. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याचे मोठे प्रात्यक्षिक झाले, गणित बिनचूक सुटले, सर्वांनी वाहवा केली. रात्री मेजवानी झाली. त्या मेजवानीचे बोलावणे या मुलींना नव्हते. पुढे कित्येक वर्षे त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती; १९९७ साली त्यांचा एकत्रित सन्मान झाला, तोवर पन्नास वर्षे उलटून गेली होती. पंगत वाढून स्वतः शेवटी बसणाऱ्या आपण बायका. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिच्या आवडीनिवडीही याच कामाला लागून आहेत. रविवारी ती फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांतले शब्द मराठीत आणण्याचे काम करते, आणि आता मीही तिच्या मदतीला बसते. "सेव्ह" ला काय म्हणावे? "जतन करा" हा शब्द रूढ आहे, तो मला फार आवडतो; आपण बी-बियाणे जतन करतो तसा. तिने मला हेही दाखवले की कॉम्प्युटरमध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक आहे. जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड नावाची एक मोठी यादी केली आहे आणि देवनागरीला १९९१ पासून तीत जागा मिळाली आहे. "आ" चा क्रमांक २३१० आणि "ई" चा २३१२. म्हणून फोनवर मुलगी "आई" लिहिते तेव्हा हे दोन आकडे पुण्याहून सोलापुरास येतात आणि माझ्या पडद्यावर पुन्हा अक्षरे होतात. सातवी शिकलेल्या बाईला याचे अप्रूप वाटले तर हसू नका.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगण्यासाठी मला धीर करावा लागला आहे. गेल्या वर्षी आपल्या चटणीच्या हिशेबात १,६८० रुपयांची तूट आली होती. वही माझ्याकडे होती आणि रोकड आपल्यातल्याच एका भगिनीकडे. मी तोंडाने काही बोलले नाही, पण मनात संशय धरला, आणि दोन महिने मी तिच्याशी सरळ बोललेही नाही. मुलगी घरी आली तेव्हा मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, "आई, आम्ही आधी चूक शोधतो, माणूस नाही." दोन संध्याकाळी मी वही वाचीत गेले आणि तिने सगळ्या नोंदी लॅपटॉपवर घेतल्या. मग तिने एका ओळीत विचारले, की एकच गिऱ्हाईक, तेवढेच वजन आणि तेवढीच रक्कम दोनदा आली आहे अशा नोंदी दाखव. तीन जोड्या निघाल्या. त्यांतल्या दोन खऱ्याच दोनदा दिलेल्या ऑर्डरी होत्या. तिसरी चार किलोची, ४२० रुपये दराने १,६८० रुपयांची. महिनाअखेरीस पान संपले तेव्हा मी शेवटची ओळ नव्या पानावर उतरून घेतली होती आणि बेरजेत ती दोन्हीकडे धरली होती. चूक माझी होती.

मी दुसऱ्याच दिवशी त्या भगिनीच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आज तिची परवानगी घेऊन तुम्हां सर्वांसमोर पुन्हा मागते. तिने मला घरात घेतले आणि चहा दिला, हा तिचा मोठेपणा.

काहीजणी विचारतात, आता म्हणे यंत्रच प्रोग्राम लिहिते, मग मुलीच्या नोकरीचे काय? तशी साधने आली आहेत हे खरे, आणि आमची मुलगीही ती वापरते. ती म्हणते, यंत्र भराभर लिहून देते, परंतु कधी ठामपणे चुकीचेही लिहिते. ते ओळखायला जाणते माणूस लागते. पुढे काय होईल हे तिलाही ठाऊक नाही, आणि काळजी नाही असे ती म्हणत नाही. पण शिकणे तिने थांबवलेले नाही. रोज रात्री अर्धा तास ती काहीतरी नवे वाचते.

ते स्थळ जमले नाही, पत्रिकेवरून राहिले. त्यानंतर दुसरे पाहुणे आले, तेव्हा त्यांनीही विचारले, "मुलगी करते काय?" मी चहाचा ट्रे ठेवला, खुर्ची ओढून बसले, आणि औषधांच्या मुदतीपासून सगळे सांगितले. चहा निवून गेला. मुलगी दारात उभी राहून हसत होती.

भगिनींनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. घरी गेल्यावर मुलाला, मुलीला, सुनेला जवळ बसवा आणि विचारा, की बाळ, तू दिवसभर काय करतोस, मला समजावून सांग. पहिल्या दिवशी सगळे कळणार नाही. मलाही कळले नव्हते. पण विचारले म्हणून पोरांना जे बरे वाटते ते मी पाहिले आहे. आणि कोणी सांगावे, मग तीही आपल्याला विचारतील, "आई, तू दिवसभर काय करतेस?" खरोखर जाणून घेण्यासाठी विचारतील.